कोणाच्याच मालकीचं नसलेलं घर

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुम्ही राहता ते घर कोणाचं? कोणी म्हणेल बाबांचं, कोणी म्हणेल आजोबांचं. भाड्याच्या घरात राहणारा घरमालकाचं नाव सांगेल. म्हणजे घर म्हटलं की मालक आलाच. कौल फुटलं, नळ गळायला लागला की त्यालाच हाका मारायच्या!

आता जरा अवघड प्रश्न. एक घर असं आहे की तिथे पंचवीस माणसं राहतात. रोज दोन वेळा चूल पेटते, दूधवाला येतो, विजेचं बिल येतं. पण या घराला मालकच नाही. तिथे राहणारे मालक नाहीत, ज्यांनी ते बांधलं ते मालक नाहीत आणि जे ते चालवतात तेही मालक नाहीत. मग नळ गळला तर पाहायचं कोणी?

हे घर म्हणजे एखाद्या सेवाभावी संस्थेने चालवलेला छोटासा वृद्धाश्रम. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात असा एखादा असेलही. सरकारने चालवलेले वृद्धाश्रम निराळे, आणि भरपूर पैसे घेऊन नफ्यासाठी चालवलेले त्याहून निराळे. आपण बोलणार आहोत ते ना नफ्यासाठी चालणाऱ्या, ना सरकारने चालवलेल्या लहान घरांबद्दल. ही घरं उभी कशी राहतात, हे कळलं की तुम्हालाही नवल वाटेल.

संस्थापक गेले, घर राहिलं

पुण्यात नव्या पेठेत ‘निवारा’ नावाचा वृद्धाश्रम आहे. त्याचं जुनं नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. तो सुरू झाला १८६३ साली. म्हणजे १८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती!

डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. कापूस, कापड आणि त्या काळी चालणारा अफूचा व्यापार यांत त्यांनी अफाट पैसा मिळवला, आणि त्यातला बराचसा लोकांच्या उपयोगासाठी दिला. पुण्याचं ससून रुग्णालय तुम्हाला ऐकून माहीत असेलच. पण गंमत पाहा. हे अनाथ पंगू गृह सुरू झालं १८६३ मध्ये आणि १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यातच वारले. म्हणजे ज्यांचं नाव दारावर होतं, त्यांना हे घर जेमतेम वर्षभर पाहायला मिळालं. घर मात्र दीडशेहून अधिक वर्षं चाललं आहे.

ते कोणाच्या जोरावर? ज्यांची नावं दारावर नाहीत, अशा माणसांच्या जोरावर. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या किराण्याच्या याद्या तपासल्या, गळकी छपरं दुरुस्त करून घेतली, हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पैसा देणारा एकदा देतो. घर सांभाळणाऱ्याला मात्र रोज सांभाळावं लागतं.

आपल्याकडे ही रीत काही नवी नाही. गाडगेबाबांचंच पाहा ना. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधवून घेतल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण बाबांच्या अंगावर चिंध्यांचं वस्त्र आणि हातात गाडगं ते गाडगंच! १९४९ साली त्यांनी पंढरपूरची एक धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. जे लोकांसाठी बांधलं ते लोकांचं, माझं नव्हे, हा त्यांचा बाणा होता. कायद्याच्या पुस्तकात हीच गोष्ट जरा अवघड शब्दांत लिहिलेली असते.

विश्वस्त म्हणजे कोण?

तो अवघड शब्द म्हणजे ‘सार्वजनिक विश्वस्त संस्था’. घाबरू नका, अर्थ सोपा आहे. विश्वासाने ज्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिली, तो विश्वस्त. समजा, सहलीला जाताना वर्गातल्या सगळ्यांनी आपापले पैसे एका मुलीकडे ठेवायला दिले. पैसे तिच्या दप्तरात आहेत, पण तिचे नाहीत. त्यांतून ती स्वतःसाठी आइस्क्रीम घेऊ शकत नाही. परत आल्यावर पै न् पैचा हिशेब द्यायचा. झाली ती विश्वस्त!

सोसायटी म्हणून संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याप्रमाणे निदान सात माणसं एकत्र यावी लागतात. शिवाय आपल्या राज्यात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा लागू होतो. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी म्हणजे धर्मादाय आयुक्त. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांच्या आत त्यांच्या कार्यालयात ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो. ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद करून ते तपासून घ्यावे लागतात. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची झाली तर आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. सगळे विश्वस्त एकमताने ‘विकू या’ म्हणाले तरी!

विश्वस्तांमध्ये एक अध्यक्ष असतो, एक चिटणीस असतो आणि एक खजिनदार. चिटणीस बैठकीचं इतिवृत्त लिहितो, खजिनदार पैशांकडे पाहतो. बँकेच्या चेकवर बहुधा दोघांच्या सह्या लागतात. एकावर विश्वास नाही म्हणून नव्हे बरं का! एकाच्या हातून चूक झाली तर दुसऱ्याच्या नजरेला यावी म्हणून.

आणि या कामाचा पगार? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. कोणी निवृत्त शिक्षिका असते, कोणी दुकानदार, कोणी डॉक्टर, कोणी बँकेतून निवृत्त झालेले काका. महिन्याकाठी एक बैठक, शिवाय अधूनमधून खेपा. येण्याजाण्याचा खर्चही बरेचजण स्वतःच्याच खिशातून करतात.

पगार मिळतो तो मात्र स्वयंपाक करणाऱ्या मावशींना, रात्री उठून आजोबांना आधार देणाऱ्या मदतनिसाला, झाडलोट करणाऱ्या ताईंना. मिळायलाच हवा. त्यांचं घर त्याच पैशांवर चालतं. ‘सेवेचं काम आहे, या महिन्याला पगार उशिरा घ्या,’ असं त्यांना सांगणं ही सेवा नव्हे.

तुम्ही विश्वस्त असता तर?

चला, थोडा वेळ आपणच विश्वस्त होऊ या. समजा, आज बैठक आहे. टेबलावर चार विषय आहेत.

पहिला विषय. एका गृहस्थांनी मागच्या वर्षी वाचनालयासाठी पन्नास हजार रुपये दिले. पुस्तकांची खरेदी अजून व्हायची आहे. इकडे स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय आणि पावसाळा तोंडावर आलाय. वाचनालयाचे पैसे छपराला वापरावेत का? तुम्ही म्हणाल, त्यात काय, काम तर चांगलंच आहे. पण थांबा. पैसे ज्या कामासाठी दिले, त्याच कामाला लावायचे असतात. वापरायचेच असतील तर आधी त्या गृहस्थांकडे जायचं, अडचण सांगायची आणि त्यांची लेखी संमती घ्यायची.

दुसरा विषय. दूध महाग झालंय. खजिनदारांचा भाऊ दुधाचा धंदा करतो आणि तो स्वस्तात द्यायला तयार आहे. घ्यावं का? कदाचित घ्यावंही. पण आणखी दोन-तीन ठिकाणचे भाव मागवायचे, आणि निर्णय होत असताना खजिनदारांनी खोलीबाहेर बसायचं. हे सगळं इतिवृत्तात लिहून ठेवायचं. खजिनदार प्रामाणिक असले तरीही! उद्या कोणी बोट दाखवलं तर त्यांच्या बाजूने बोलायला ती वहीच कामी येते.

तिसरा विषय. एक बिल्डर म्हणतो, आवारातला रिकामा कोपरा मला द्या, मी मोठी रक्कम देतो. त्या कोपऱ्यात आजी-आजोबा सकाळी उन्हाला बसतात. परवानगीचा प्रश्न पुढचा. आधी प्रश्न हा, की ती जागा कोणासाठी आहे?

आणि चौथा विषय सगळ्यात अवघड. खाट एकच रिकामी आहे, अर्ज दोन आहेत. एका आजींना कोणीच नाही, पण त्यांच्याकडे पैसे नाहीत. दुसऱ्या आजोबांचा मुलगा दरमहा पूर्ण खर्च भरायला तयार आहे. संस्थेच्या खात्यात तर दोन महिने पुरेल इतकीच शिल्लक. आजींना घेतलं तर बाकीच्या चोवीस जणांच्या ताटाला कात्री लागेल का? आजोबांना घेतलं तर आजी जाणार कुठे?

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही कायद्यात सापडत नाही. म्हणून शहाण्या संस्था आधीच नियम ठरवून ठेवतात. उदाहरणार्थ, इतक्या खाटा बिनखर्चाच्या, इतक्या खर्च भरणाऱ्यांच्या. म्हणजे त्या दिवशी कोणाची ओळख जास्त, कोणाचा आवाज मोठा, यावर ते ठरत नाही. आईबाबांना विचारा, ते काय करतील? घरात जेवताना यावर वाद झाला तर उत्तमच!

लाडू आणि विजेचं बिल

आता थोडं गणित. समजा २५ आजी-आजोबा आणि तिथेच जेवणारी ५ कामाची माणसं, अशी ३० ताटं. माणशी दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरला तर रोजचा ३ किलो, महिन्याचा ९० किलो. माणशी पाव लिटर दूध धरलं तर रोजचं साडेसात लिटर, महिन्याचं २२५ लिटर. प्रत्येक आजी-आजोबांना दिवसाला तीन गोळ्या धरल्या तर महिन्याला झाल्या २२५०. त्यातली प्रत्येक गोळी बरोबर माणसाच्या हातात, बरोबर वेळी पडली पाहिजे. भाजी, गॅस, वीज, पगार, अचानक आलेलं आजारपण हे सगळं अजून बाकीच आहे.

हा खर्च बारा महिने चालतो. मदत मात्र ऋतूप्रमाणे येते. दिवाळीत फराळाचे डबे ठेवायला जागा पुरत नाही. पितृपक्षात जेवणं घालणाऱ्यांची रीघ लागते. त्यातच घरातल्या कितीतरी जणांना मधुमेह! मग जून उजाडतो. शाळा सुरू झालेल्या, पाऊस लागलेला, जो तो आपल्या घाईत. विजेचं बिल मात्र ठरल्या तारखेला येतं, आणि लाडू देऊन ते भागत नाही.

म्हणून छोट्या घरांना मोठ्या एकरकमी देणगीइतकीच, किंबहुना जास्तच, गरज असते ती लहान पण नेमाने येणाऱ्या मदतीची. हेही आपल्या मातीतलंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायाबापड्यांकडून मूठ मूठ धान्य गोळा केलं. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. मूठभर धान्य किंवा एक पैसा देणाऱ्यालाही वाटतं, की यात माझाही वाटा आहे. मग तो नुसता देऊन थांबत नाही. ‘काय चाललंय तिथे?’ असं विचारतोही. संस्थेला हे विचारणारं माणूस फार मोलाचं.

फोटो काढण्यापूर्वी

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. वाढदिवसाला वृद्धाश्रमात जाऊन खाऊ वाटायची पद्धत आता बरीच रुळली आहे. हेतू चांगलाच असतो. पण तिथे काय होतं, हे आजी-आजोबांच्या बाजूने पाहा. दुपारी डोळा लागलेला असतो. ‘पाहुणे आलेत, बाहेर या,’ असा निरोप येतो. सगळ्यांनी रांगेत बसायचं, हातात केळं घ्यायचं, फोटोकडे पाहायचं. अर्ध्या तासात पाहुणे निघून जातात. जाताना कोणी कोणाचं नावही विचारलेलं नसतं.

तुमच्या स्वतःच्या आजीला कोणी असं बसवलं तर चालेल तुम्हाला? ते घर आहे, प्रदर्शन नव्हे. घरात जाताना आपण आधी विचारतो, दार वाजवतो. तिथेही तसंच करायचं. फोटो हवाच असेल तर त्या माणसाची परवानगी घ्यायची. आणि ‘तुम्हाला इथे का ठेवलं?’ हा प्रश्न तर कधीच विचारायचा नाही. कोणाचं घरात कोणी उरलेलं नसतं, कोणाची मुलं परदेशी असतात, कोणी स्वतःच्या मर्जीने आलेलं असतं. त्यांना वाटलं तर ते सांगतील.

एका छोट्या गोष्टीचं मात्र भान ठेवा. ‘पुढच्या रविवारी नक्की येतो हं आजी,’ असं सहज म्हणून जाऊ नका. आपण विसरतो. आजी विसरत नाहीत. त्या रविवारी त्या नीट आवरून दाराशी बसतात.

खरी काळजी कशाची?

अशा छोट्या घरांना पैशांची चणचण असते, हे खरं. पण त्याहून मोठी एक काळजी असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी चाळिशीत असलेले विश्वस्त आज पंच्याहत्तरीला आले आहेत. ज्यांच्यासाठी घर काढलं, त्यांच्याच वयाचे झाले आहेत! एकाचे गुडघे दुखतात, एक मुलाकडे बंगळूरला गेला, एक वारला. कागदावर सात नावं, बैठकीला येतात तीन. बैठकीसाठी पुरेशी माणसं जमत नाहीत, म्हणून निर्णय होत नाहीत. बदल अर्ज वेळेवर गेला नाही तर बँकेत सह्यांची अडचण होते. पैसे खात्यात असूनही चेक निघत नाही.

विश्वस्तच उरले नाहीत तर धर्मादाय आयुक्तांना नवे नेमता येतात. पण नेमायला तरी तयार माणसं हवीत ना! कोणी पुढे आलंच नाही तर चांगलं चाललेलं घर हळूहळू थकतं. आधी नवे अर्ज घेणं थांबतं, मग एक मदतनीस कमी होते, आणि एके दिवशी उरलेल्या आजी-आजोबांना या वयात पुन्हा दुसरं घर शोधावं लागतं.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून जास्त भरली. २००७ साली ज्येष्ठांसाठी झालेल्या कायद्यात सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांची सोय करणारा वृद्धाश्रम काढावा, अशी तरतूद आहे. तशी मोठी घरं हवीतच. पण जिथे सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात, कोणाला चहात साखर चालत नाही हे मावशींना तोंडपाठ असतं, अशी छोटी घरंही हवीत. आणि ती टिकवणं गावकऱ्यांच्याच हातात असतं.

आईबाबांसाठी दोन शब्द

देणगी द्याल तेव्हा पावती मागा आणि वार्षिक अहवालही मागा. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. तुम्हाला हिशेब येत असेल तर वर्षातून चार दिवस तिथल्या वह्यांना द्या. नळकाम, वायरिंग, वैद्यकी, वकिली, संगणक, जे येत असेल ते द्या. आणि कोणी ‘आमच्या कार्यकारिणीवर या’ म्हणालं, तर ‘मला वेळ नाही’ म्हणण्याआधी एकदा विचार करा.

आणि तुमच्यासाठी

तुम्हाला अजून विश्वस्त होता येणार नाही. त्यासाठी अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पण तयारी आजपासून करता येते. वर्गाच्या सहलीचा हिशेब लिहायचं काम मागून घ्या. गणपती मंडळाच्या बैठकीत मागे बसून ठराव कसे होतात ते ऐका. पावती पुस्तक कसं लिहितात ते शिका.

आणि एखाद्या रविवारी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या वृद्धाश्रमात जा. व्यवस्थापकांना तीन प्रश्न विचारा. कोणत्या वेळी आलेलं चालेल? कोणाला वर्तमानपत्र वाचून दाखवायला, पत्र लिहून द्यायला, फोन लावून द्यायला कोणी हवं आहे का? आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात तुमच्याकडे सगळ्यात कमी माणसं येतात?

ते जो महिना सांगतील, तो तुमचा. कॅलेंडरवर त्यावर आजच खूण करून ठेवा.